नाटुकल्याला नोटीस, माझ्या अर्जाला उत्तर नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यातल्या गणेश मंडळाच्या पोरापोरींनी यंदा सरकारी दवाखान्यावर एक नाटुकलं बसवलं. विसर्जनाच्या आतच त्यांना नोटीस आली : शासकीय संस्थेची बदनामी केली, लेखी माफी द्या. नोटिशीवर आपल्याच खात्याचा शिक्का आहे.

नाटुकलं असं होतं. साप चावलेल्या शेतकऱ्याला दवाखान्यात आणतात. साहेब म्हणतात, ‘खाटेवर निजवू नका, चादर चुरगळेल, दुपारी उद्घाटन आहे.’ बायको रडते, विष चढतंय हो! साहेब म्हणतात, ‘त्याला म्हणावं जरा थांब, मंत्र्यांची गाडी अजून घाटात आहे.’ पट्टी कापायला कात्री मागतात, तर दवाखान्यातली एकुलती कात्री फीत कापायला तबकात ठेवलेली.

‘वस्तुस्थितीशी विसंगत व अतिरंजित’, असं नोटीस म्हणते. अतिरंजितच आहे! नाथमहाराजांनी भारुडात आंधळा, बहिरा, मुका उभे केले, ते काय डोळ्या-कानांच्या दुखण्यासाठी? वगातला सोंगाड्या राजाच्या न्यायाची वाहवा करतो, तेव्हा जमिनीवर बसलेल्या म्हातारीलाही उलटा अर्थ लागतो. आपल्या अधिकाऱ्यांना तो लागला नाही, की लागला म्हणूनच नोटीस निघाली? इथे माणसापेक्षा इमारतीला जास्त मोल आहे, एवढंच पोरांना म्हणायचं होतं. ते दिसावं म्हणून त्यांनी चादर मोठी केली. हेच मी साध्या भाषेत, अर्जात लिहून दिलं होतं. त्या अर्जाला आजवर उत्तर नाही.

अर्ज माझ्या धाकट्या भावाबद्दल होता. रात्री शेतातल्या खोपीत झोपला असताना त्याला मण्यार चावली. मण्यारीच्या दंशाला फारशी सूज येत नाही, कळही नसते. आधी पापण्या मिटायला लागतात, मग जीभ जड होते, मग श्वास. वेळेत लस आणि श्वासाला आधार मिळाला तर माणूस वाचतो. आम्ही त्याला वेळेत नेलं होतं, मंत्रीमहोदय. भिंतींना नवा रंग होता, दारात उद्घाटनाची ग्रॅनाइटची पाटी होती, आणि डॉक्टर नव्हते. सिस्टर एकट्या होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. लस कपाटात होती की नव्हती, हेही मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ‘सिव्हिलला न्या’ म्हणून चिठ्ठी मिळाली. रस्त्यात तो माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होता, पण पापण्या उघडत नव्हत्या. सिव्हिल यायच्या आत तो गेला. त्याची मुलगी अजून शाळेत जायची आहे.

ज्या राज्यातल्या हाफकिन संस्थेने सर्पविषावरची लस बनवली, त्या राज्यात हे घडलं.

मग सांगा, पोरांनी काय वाढवून सांगितलं? भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात होते. त्यानंतर तिथे गेलेल्या खासदारांनी अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करून घेतलं. हे कुणी नाटकात लिहिलं असतं, तर त्यालाही अतिरंजित म्हटलं असतं. नांदेडचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं, असं आपण म्हणाल. आम्हाला त्या दोन खात्यांतला फरक माहीत असण्याची गरज नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलं झालं, मनापासून सांगतो. पण डॉक्टरच नसेल तर मोफत काय मिळणार? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करायला सांगितलं होतं, तेही 2020 पर्यंत. तो कधी होणार? पाट्यांना, मंडपांना, हारांना पैसा कमी पडल्याचं मी कधी ऐकलं नाही. सरकार कुणाचंही असो.

पोरांवरची नोटीस मागे घ्या. ती माफी मागणार नाहीत, मी मागू देणार नाही. आमच्या दवाखान्यात रात्रपाळीला डॉक्टर द्या आणि सर्पदंशाच्या लशीचा साठा रोज दारावर लिहायला लावा, त्या ग्रॅनाइटच्या पाटीशेजारीच. आणि त्या रात्री डॉक्टर कुठे होते, हे मला लेखी कळवा.

आपला,
मराठवाड्यातला एक शेतकरी