राखमानिनोवने स्वतः वाजवलंय, मग बाकीचे कशाला?

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस होऊन गेले. उत्तराला उशीर झाला कारण प्रश्नच तू असा टाकलास की फोनवर मिटला नसता. "राखमानिनोवने आपला दुसरा पियानो कॉन्चेर्तो स्वतः वाजवून ठेवलाय, मग बाकीचे पन्नास जण कशाला ऐकायचे?" चाळीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस हेच विचारणार म्हणा. मूळ दस्त हातात असताना नकला कशाला!

तर गेले दोन आठवडे मी या कॉन्चेर्तोची, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या या रचनेची, दोनच रेकॉर्डिंगं आलटूनपालटून लावतोय. एक रशियन रचनाकार राखमानिनोवचं स्वतःचं, १९२९ सालचं, कंडक्टर स्टोकोव्स्की आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर. दुसरं पियानिस्ट स्विआतोस्लाव रिख्टरचं, १९५९ सालचं, वॉर्साच्या ऑर्केस्ट्राबरोबर. कंडक्टर विस्लोत्स्की. घरात आता कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा "आज पण तेच का?" असं विचारायला लागल्यात.

अगदी सुरुवात घे. ऑर्केस्ट्रा गप्प. पियानो एकटाच जड कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले स्वर, वाजवतोय आणि दर कॉर्डनंतर खाली खर्जात तोच तो 'एफ' स्वर. लांबच्या चर्चमधली घंटा जवळ जवळ येत जावी तसा हा आवाज हळूहळू चढतो. डाव्या हाताला पट्ट्यांवर चांगलंच ताणावं लागतं, दहाव्या स्वरापर्यंतचं अंतर एका पंज्यात. राखमानिनोवचा पंजा हा प्रसिद्धच. लहान हाताच्या माणसाला कॉर्ड मोडून, स्वर एकामागे एक सोडावे लागतात. रिख्टर ही सुरुवात इतकी विलंबित घेतो की पहिल्या खेपेला मला वाटलं, रेकॉर्ड अडकली. एक टोल विरेपर्यंत तो दुसऱ्याला हात घालत नाही. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू.

आणि राखमानिनोव? तो थांबतच नाही. घंटाबिंटा आपल्या डोक्यात. त्याच्या लेखी हा दरवाजा आहे, उघडायचा आणि आत जायचं.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. घंटा संपतात, मुख्य चाल येते, आणि ती पियानोला मिळतच नाही! व्हायोलिन, व्हायोला आणि क्लॅरिनेट ती गातात आणि पियानो खालून नुसत्या लाटा उठवत राहतो. कव्हरवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात, त्याने पहिल्याच पानावर साथीला बसायचं. भल्याभल्यांना हे सोसत नाही, त्यांच्या लाटा चालीच्या डोक्यावरून जातात. राखमानिनोव मात्र खुशाल मागे बसतो. आणि मागे बसून लय अशी पुढे रेटतो की वरच्या मंडळींना रेंगाळायची सोय राहत नाही. चांगला तबलजी ख्यालात करतो तेच.

त्या वरच्या मंडळींकडेही कान दे. फिलाडेल्फियाची व्हायोलिनं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. आपल्याकडच्या मींडेसारखंच काहीसं. १९५९च्या रेकॉर्डिंगमध्ये हे जवळपास गायब आहे, त्या तीस वर्षांत ती वळणं जुनाट ठरली. म्हणजे बघ, १९२९मध्ये रडतोय तो ऑर्केस्ट्रा, पियानो कोरड्या डोळ्यांनी वाजतोय. रिख्टरकडे उलट: ऑर्केस्ट्रा सरळ, आणि सगळं ओझं पियानोच्या खांद्यावर. १८९७ साली राखमानिनोवची पहिली सिम्फनी पडली, माणूस खचला, मग डॉक्टर दाल यांनी उपचार केले आणि हा कॉन्चेर्तो त्यांनाच अर्पण केला, ही कहाणी दर कव्हरवर छापलेली असते. रिख्टर ऐकताना ती आठवते. राखमानिनोवचं ऐकताना तिची आठवणही होत नाही, आणि कहाणी तर त्याचीच!

तू लगेच म्हणशील, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची, म्हणून घाई केली असेल. मीही बरीच वर्षं हेच समजत होतो, कारण आपण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर वाढलो. तिथे आख्खा राग एका बाजूत बसवायची कसरत होती. इथे मात्र रचना मध्येच तोडून बाजू पालटायची पद्धत होती. आणखी वेळ हवा असता तर एक बाजू वाढवता आली असती. पहिल्या भागात दोघांत दीडेक मिनिटाचा फरक पडतो, आणि मला आता वाटतं, तो तबकडीमुळे नाही, स्वभावामुळे आहे.

आता तुझ्या मूळ दस्ताबद्दल. याच गृहस्थाने तिसरा कॉन्चेर्तोही १९३९-४०मध्ये कंडक्टर ऑर्मंडीबरोबर रेकॉर्ड केलाय, आणि त्यात स्वतःच्याच रचनेतले तुकडे गाळलेत! नंतरच्या कित्येकांनी ते इमानेइतबारे पूर्ण वाजवले. आता सांग वकीलसाहेब, मूळ दस्तातच पानं कमी असली तर कोर्ट काय म्हणतं?

चायकोव्हस्कीच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोवर फार लिहीत नाही. पियानिस्ट होरोविट्झ आणि कंडक्टर तोस्कानिनी, म्हणजे जावई आणि सासरे, १९४१ आणि १९४३मध्ये त्यावर असे तुटून पडलेत की दम लागतो ऐकणाऱ्याला. १९४३चा तो जलसा युद्धकर्जासाठी होता, कार्नेगी हॉलमध्ये. अमेरिकन पियानिस्ट व्हॅन क्लायबर्न १९५८ला मॉस्कोची स्पर्धा जिंकून आला आणि त्याने कंडक्टर कोंद्राशिनबरोबर तोच कॉन्चेर्तो चारेक मिनिटं जास्त घेऊन, गात गात वाजवला. त्या एलपीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. मला क्लायबर्न आवडतो. होरोविट्झने मी थक्क होतो, पण दुसऱ्यांदा लावत नाही.

लिपाट्टीची गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. दिनू लिपाट्टी, रुमानियाचा पियानिस्ट, १९५०च्या डिसेंबरात तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याने वाजवलेला शूमानचा पियानो कॉन्चेर्तो, १९४८चा, कंडक्टर कारायानबरोबरचा, जरूर ऐक. सुरुवातीला ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) चाल गातो आणि पियानो तीच परत म्हणतो. लिपाट्टी ती अशी उचलतो की ओबोचा श्वास अजून संपलेला नाही. तर १९६६मध्ये त्याच्या नावावर शोपँचा पहिला कॉन्चेर्तो बाजारात आला. लोकांनी माना डोलावल्या: असा स्पर्श फक्त लिपाट्टीचाच! पंधरा वर्षं हे चाललं. १९८१मध्ये बीबीसीच्या एका श्रोत्याच्या कानांनी पकडलं की हे वादन आणि हालिना चेर्नी-स्तेफान्स्का या पोलिश बाईंची जुनी रेकॉर्ड एकच आहे. बाई काही साध्या नव्हेत, १९४९च्या वॉर्सा शोपँ स्पर्धेत पहिलं बक्षीस विभागून मिळालेल्या. पण इतकी वर्षं कौतुक झालं ते एका दिवंगत तरुणाच्या नावाने. नंतर लिपाट्टीचं खरं, झुरिकच्या १९५०च्या जलशातलं रेकॉर्डिंग सापडलं, ते वेगळं.

हे वाचून मला हसू आलं होतं. म्हणून परवा हिला म्हटलं, मी पाठ करून बसतो, तू न सांगता काहीही लाव. तिने राखमानिनोवचा दुसरा लावला, मधला संथ भाग. फ्लूट आला, मग क्लॅरिनेट, खाली पियानोचे स्वर टिपक्यांसारखे. मी डोळे मिटून, मोठ्या अधिकाराने सांगितलं, "रिख्टर. हा सावकाशपणा दुसऱ्या कुणाला जमायचा नाही." ती म्हणाली, "वर क्लायबर्न लिहिलंय." मग चहा मात्र मलाच करावा लागला.

तेव्हा आता तुझी पाळी. सोबतच्या पेन ड्राइव्हवर त्याच संथ भागाच्या तीन फाइली आहेत: अ, ब आणि क. नावं पुसलीत. एक राखमानिनोवची आहे. जुनी खरखर ऐकून ओळखशील म्हणून तिघींवरही मुलाकडून सारखीच खरखर चढवून घेतलीय. मूळ दस्त कुठला ते ओळख आणि लेखी कळव. वहिनींना विचारायचं नाही, त्यांचा कान तुझ्यापेक्षा बरा आहे.

तुझा,
अण्णा