सुखोईच्या इंजिनावर ज्याचं नाव आहे तो माणूस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत सुखोई-30 वर लेख आला तो वाचला, फोटो तर एक नंबर आहेत, पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस झाले डोक्यातून जात नाहीये, की सोव्हिएत जेट इंजिनं म्हणजे पाश्चात्त्यांची नक्कल. हे अर्धंच खरं आहे हो. मिग-15 या सोव्हिएत लढाऊ विमानाचं इंजिन ब्रिटिशांनी विकलेल्या रोल्स-रॉईस नीनवरूनच बनवलेलं, ते मान्य. पण सुखोईचं एएल-31एफपी हे टर्बोफॅन आहे, म्हणजे पुढून आत आलेली सगळी हवा जाळायला न नेता काही हवा गाभ्याच्या बाहेरून मागे सोडायची, त्याने इंधन वाचतं आणि आवाजही कमी होतो. आणि ही गोष्ट तिथे नकलेतून आलेली नाही.

एएल म्हणजे अर्खिप ल्युल्का. युक्रेनमधल्या सावार्का गावात 1908 साली जन्मलेला सोव्हिएत इंजिन-रचनाकार. अशा इंजिनाच्या रचनेचं सरकारी प्रमाणपत्र त्याला एप्रिल 1941 मध्ये मिळालं, तेव्हा जगात एकही टर्बोफॅन उडत नव्हतं. ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटलनेही ही कल्पना मांडली होती, पण त्याने ल्युल्काचं श्रेय कमी होत नाही. दोनच महिन्यांत हिटलरने हल्ला केला आणि ते डिझाइन कागदावरच राहिलं.

प्रत्यक्षात प्रवासी घेऊन उडालं ते दुसऱ्याचं इंजिन, रशियातल्या पर्म शहरातल्या पावेल सोलोव्योव्हचं डी-20पी, टीयू-124 विमानावर, 1962 मध्ये. त्याच्याच हाताखालून पुढे डी-30 आलं, मग डी-30केपी, आणि हे चार लावलेलं आयएल-76 म्हणजे आपल्या हवाई दलाचं गजराज, एकेका इंजिनाचा जोर 12 टन. 1988 च्या नोव्हेंबरमध्ये आग्र्याहून आपले पॅराट्रूपर मालदीवला उतरले ते याच विमानांतून! लेखात याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

सोव्हिएत मागे कुठे पडले हेही लिहायला हवं होतं. बाहेरून जास्त हवा सोडणारी, खरी काटकसरी इंजिनं त्यांना उशिरा जमली, याक-42 विमानाचं डी-36 प्रवासी सेवेत आलं तेव्हा 1980 उजाडलं होतं, तोवर अमेरिकेची जम्बो जेट दहा वर्षं उडत होती.

मला सगळ्यात लागतं ते ल्युल्काचं. त्याच्या नावाचं टर्बोफॅन एएल-31एफ सरकारी चाचण्या पास झालं 1985 ला, आणि तो 1984 च्या जूनमध्ये गेला. 1941 चा कागद, चव्वेचाळीस वर्षं.

मी ओझरजवळ राहतो, इथे एचएएलमध्ये सुखोई उभं राहतं, इंजिन येतं ओडिशातल्या कोरापुटहून, आणि ते डोक्यावरून गेलं की घराच्या काचा थरथरतात. त्याच्या इंजिनावर ज्याची अक्षरं आहेत त्याचं नाव पुढच्या रविवारी पुरवणीत छापा, आणि नकलेचं वाक्य दुरुस्त करा एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ओझर (जि. नाशिक)