जिम स्टाइन्सची ती धाव

संपादक महोदय,
डब्लिनचा जिम स्टाइन्स १९८४ मध्ये, अवघ्या १८व्या वर्षी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्या मेलबर्न क्लबात आला. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलच्या गोल चेंडूवर वाढलेल्या या मुलाला इथल्या लंबगोल चेंडूशी पहिल्यापासून झगडावं लागलं. १९८७ मध्ये पदार्पण झालं आणि त्याच मोसमात हॉथॉर्न क्लबाविरुद्धचा प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे अंतिम फेरीत नेणारा सामना आला. अखेरच्या क्षणी हॉथॉर्नच्या बकेनाराला फ्री किक मिळाली असताना स्टाइन्स त्याच्यासमोरून आडवा धावला. दंड १५ मीटरचा, म्हणजे किक तेवढी गोलच्या जवळून! सामना संपल्याचा भोंगा वाजल्यावर त्या किकवर गोल झाला, मेलबर्न दोन गुणांनी हरलं. २१ वर्षांच्या परक्या पोरानं ते कसं सोसलं असेल? क्लबानं मात्र त्याला वगळलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. १९९१ चं ब्राउनलो पदक, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याचाच, सलग २४४ सामन्यांचा विक्रमही. क्रीडापानावर अशा खेळाडूंच्या सुरुवातीच्या वर्षांना जागा द्यावी, ही विनंती.
– एक वाचक