गोडा मसाला अर्ध्यावर राहिला होता

कसबा पेठेतल्या बोळातल्या मिक्सरवाल्या दादांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पावतीवर नुसता आकडा होता, नाव नव्हतं, आणि विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. कुणी वाचून दाखवलं तर तुम्हाला ओळखू येईलच. एकोणऐंशी वर्षांची आई, सुमीत कंपनीचा जुना मिक्सर आणि भांड्यात अर्धवट दळलेला गोडा मसाला घेऊन आलेली ती मी.

हा मिक्सर आईने १९८४ च्या दिवाळीत, पोस्टातल्या बोनसमधून घेतला. वरवंटा त्याच आठवड्यात माळ्यावर गेला. एवढ्या वर्षांत त्याने काय काय दळलं ते सांगत बसत नाही. परवा दगडफूल आणि धणे आत असतानाच तो गप्प झाला. आईने भांडं तसंच झाकून ठेवलं, जणू कुणी जेवता जेवता उठून गेलंय.

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही दोन दारं पुजली. एका मोठ्या दुकानात काउंटरवरच्या पोराने मिक्सर उघडलासुद्धा नाही. बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "मोटर जळली, मॅडम. आता हे म्युझियममध्ये द्या." वर एक्स्चेंजमध्ये पाचशेची सूट देऊ केली. आई शेजारीच उभी होती. दुसरा फोनवरून बोलावलेला घरपोच दुरुस्तीवाला. त्याने मिक्सर उलटा केला, मॉडेलचा फोटो काढला, यायचे पैसे घेतले आणि "पार्ट येत नाहीत" म्हणून गेला. दोघंही बोलत होते माझ्याशी. चाळीस वर्षं यंत्र चालवलं तिने आणि प्रॉब्लेम विचारायचा मला! खरं सांगायचं तर तोवर मीही तिला काही विचारलं नव्हतं. नव्या मिक्सरच्या किमतीच बघत बसले होते.

मग कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंनी दारातला मिक्सर पाहिला. त्यांनी तो उचलला नाही. म्हणाल्या, "भंगारात याचं तांबं तेवढं काढून घेतील. त्या बोळात एक जण बसतो, त्याला दाखवा आधी." त्यांचेही आभार, दादा. ज्यांना टाकलेलं गोळा करायचं काम आहे, त्याच "टाकू नका" म्हणाल्या.

आणि आता खरी गोष्ट. तुम्ही हातातला पेचकस खाली ठेवलात, स्टूल फडक्याने पुसून आईपुढे सरकवलंत आणि मला बाजूला ठेवून तिलाच विचारलंत, "मावशी, बंद पडायच्या आधी आवाज कसा करत होता?"

आईने दुकानात, चार माणसांसमोर, मिक्सरचा आवाज काढून दाखवला. आधी नेहमीचं घुंऽऽ, मग मधेच खर्रऽ खर्रऽ. तुम्ही हसला नाहीत. "खालच्या फटीतून काही चमकायचं?" निळं चमकायचं, ती म्हणाली. मला हे पहिल्यांदाच कळत होतं. "वास? जळका की नुसता उग्र?" ती थोडा वेळ थांबली. "गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखा." त्यावर तुम्ही मान डोलावलीत. "मग मोटर शाबूत आहे, मावशी. कार्बन संपलेत."

उघडल्यावर तसंच निघालं. मोटरला वीज पोचवणारे, बोटाच्या पेराएवढे असायचे ते कार्बनचे तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे उरले होते. तुम्ही ते आईच्या तळहातावर ठेवलेत. आत साचलेला भुगा हुंगून विचारलंत, "गोडा की काळा?" आणि काम करता करता सांगितलंत, की सीमेन्समधल्या माथूर नावाच्या इंजिनिअरच्या बायकोचा परदेशी मिक्सर बंद पडला, इथे तो दुरुस्त होईना, म्हणून १९६३ मध्ये त्यांनी आपल्या मसाल्यांना पुरेल असं हे यंत्र बनवलं. "म्हणजे दुरुस्ती मिळाली असती तर हा झालाच नसता," आई म्हणाली. त्या दुकानातल्या टकटकीनंतर तिचा विनोद पहिल्यांदाच ऐकला.

खटका तुम्ही भंगारातून आणलेल्या दुसऱ्या एका मिक्सरचा बसवलात. रंग जुळत नाही. घरी आल्यापासून आई दोनदा म्हणाली, "कुणाच्या घरातला असेल गं? चांगला तर आहे. का टाकला असेल?"

माझा मुलगा सांगत होता, दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल काढलंय. उत्तम केलं. पण पोर्टलला आईचं घुंऽऽ ऐकू आलं नसतं. समोरच्याला त्याच्या वस्तूबद्दल काही कळत असेल, एवढं गृहीत धरायला काय लागतं? दवाखान्यात, बँकेत, कुठेही म्हातारं माणूस घेऊन जा, त्याला वगळून बरोबरच्याशीच बोलतात. तुम्ही दोनशे ऐंशी रुपये घेतलेत. त्यात स्टूल पुसण्याचे किती धरले होते ते सांगा, मी वेगळे देईन.

उरलेला मसाला आईने त्याच संध्याकाळी दळला. मला हात लावू दिला नाही. एक बरणी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे, आम्ही रविवारी घेऊन येतो. बरणी तेवढी परत द्या, जुनी आहे, तशी आता मिळत नाही असं तिने लिहायला सांगितलंय.

तुमची,
त्या मावशींची मुलगी