वस्ताद, काठी परत आणून देतेय

वस्ताद,

स. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर "कशाला ओ वैनी?" म्हणून तुम्ही चार दिवस तोंड फिरवून बसाल. एवढं लांबलचक मोबाईलवर वाचायचा तुम्हाला कंटाळा, तेव्हा तालमीतलं कुणीतरी पोरगं मोठ्यानं वाचून दाखवेल अशा बेतानं लिहितेय.

लेक आठवीत गेली त्या जूनमध्ये मी तिला घेऊन तुमच्याकडं आले. पटांगणात पोरं काठी फिरवत होती, कडेला जाळावर हलगी तापत होती. मी म्हटलं, "मुलीची जात आहे, वेळप्रसंगी स्वतःला सांभाळता यावं एवढंच शिकवा." तुम्ही म्हणालात, "गल्लीत कोण अंगावर आलं तर मोठ्यानं वरडायचं आणि पळायचं. ते एका दिवसात शिकवतो. हितं यायचं तर खेळायला यायचं." खरं सांगते, मला राग आला होता. मर्दानी खेळ शिकवणारा माणूस पळायला सांगतो म्हणजे काय?

त्याआधी दीड वर्ष ती एका कराटे क्लासला जात होती. दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, नवा पट्टा, फोटो. पिवळ्या आणि नारिंगी पट्ट्यात फरक काय गं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पाचशे रुपये." यात कराटेचा दोष नाही. नीट शिकलेली पोरं मी नंतर पाहिली, त्यांची शिस्त बघण्यासारखी असते. आमच्या वाट्याला दुकान आलं, एवढंच. तुमच्याकडं पट्टेच नव्हते, त्यामुळं आपण कितव्या पायरीवर आहोत हे तिला कळेना, आणि मलाही.

पहिले तीन महिने तुम्ही हातात काठीसुद्धा दिली नाहीत. नुसता पवित्रा. पाय कुठं पडतो, वजन कुठल्या पायावर, वळताना टाच उचलते का. घरी गॅसवर दूध ठेवून ही ओट्यासमोर पवित्रे टाकायची आणि दूध उतू जायचं. त्या वर्षी ती एवढी झपाट्यानं वाढली होती की चालताना दारांच्या चौकटींना धडकायची, हातातून कप निसटायचे. आम्ही घरात तिला धांदरट म्हणायला लागलो होतो. तुमच्यापुढं एकदा तोच शब्द तोंडातून गेला, तर तुम्ही तिच्याकडं न बघताच म्हणालात, "धांदरट न्हाई वैनी. हातपाय नवे आल्यात, वळख व्हायला येळ लागतोय." त्या दिवसापासून घरात तो शब्द बंद झाला.

पवित्र्याचा एवढा अट्टहास का, हे मला कळायला तिसरं वर्ष उजाडावं लागलं. तिच्या हातात दांडपट्टा आला तेव्हा. लोक त्याला तलवारीचा भाऊ समजतात, मीही समजत होते. पण पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, हात जवळजवळ कोपरापर्यंत जातो आणि मनगट बांधल्यासारखं होतं. तलवार मनगटातून वळवता येते, पट्टा नाही. चार फुटांचं लवलवतं, दुधारी पातं खांद्यातून आणि कमरेतून फिरवायचं, आणि कमर फिरायची तर आधी पाय बरोबर पडायला हवेत. चुकला तर स्वतःचाच पाय समोर. जिला आपला हात कुठं संपतो याचा पत्ता नव्हता, तिला तुम्ही तो हात आणखी चार फूट लांब करून दिलात आणि सांभाळायला लावलात. २०२४ च्या शिवजयंतीला सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला, तेव्हा मला दिवसभर मेसेज येत होते. ती मात्र खांदा चोळत बसली होती. दहा मिनिटं फिरवून हात भरून आला होता. "आई, चित्रात बाजीप्रभूंच्या दोन्ही हातांत पट्टे असतात गं," एवढंच म्हणाली. इतिहासाच्या पुस्तकातली १३ जुलै १६६० ही तारीख तिनं एका मार्कासाठी पाठ केली होती. त्या दिवशी ती तिच्या खांद्यात दुखली. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या पोरांबरोबर पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत चिखल तुडवत गेली आणि पायाचं एक नख घालवून आली.

एक प्रसंग तुम्ही विसरला असाल. नववीत असताना तिच्या काठीचा तडाखा एका लहान पोराच्या बोटांवर बसला. चूक हिची होती, भान सोडून फिरवत होती. मला वाटलं, आता तिला घरी धाडणार. तुम्ही पोराच्या हाताला बर्फ लावलात, त्याच्या आईला स्वतः जाऊन सांगितलंत आणि हिच्या हातातली काठी काढून घेतलीत. पंधरा दिवस हिच्या हाती फक्त फरी, म्हणजे छोटी ढाल. तो पोरगा गदक्यानं, म्हणजे सरावाच्या काठीनं, वार करणार, हिनं नुसते अडवायचे, उलटून एकही नाही. पहिले दोन दिवस घरी येऊन रडली. नंतर एकदा जेवताना म्हणाली, "तो डावीकडून मारताना आधी डोळे मिचकावतो." दुसऱ्याकडं इतकं निरखून बघायला आम्ही तिला कधी शिकवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट लिहावी की नको, असा विचार करत होते. लिहितेच. तुमच्या पटांगणात एक नियम आहे: ज्याला वाटेल त्यानं त्या दिवशी पायरीवर बसायचं, बाकीच्यांचे पवित्रे मोजायचे आणि का बसलास म्हणून कुणी विचारायचं नाही. पोरगा असो वा पोरगी. तुम्ही कारण कधी सांगितलं नाहीत. पण या वयाच्या मुली पाळीच्या चार दिवसांसाठी खेळ कायमचा सोडून देतात, हे मी माझ्या वर्गातल्या मैत्रिणींचं बघितलंय. माझंही तेच झालं. त्या पायरीमुळं तिचं झालं नाही.

दहावीला सगळे नातेवाईक तुटून पडले, आता तालीम बंद करा म्हणून. मी तेव्हा जरा वाचलं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी अंगमेहनत करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि जगातली ११ ते १७ वयाची दर पाचातली चार मुलं तेवढी हलतच नाहीत, मुली तर आणखी कमी. दिरांना हे आकडे ऐकवले, ते काही पटले नाहीत. शेवटी तीच म्हणाली, "संध्याकाळचा एक तास मी तिथं गेले नाही तर घरात तुमच्याशी भांडेन." यावर कुणी काही बोललं नाही. मार्क बरे पडले. तालमीमुळं पडले, असं मी म्हणणार नाही.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते, आणि पत्र खरं तर तिच्यासाठी आहे. चौदा-पंधराव्या वर्षी तिनं आमचं ऐकणं बंद केलं होतं. मी म्हटलं बस, तर उभी राहायची. शाळेतल्या बाईंचं ऐकायची ते मार्कांपुरतं. अशा वेळी तुम्ही होतात. बाप नव्हे, मास्तर नव्हे, तिच्याकडून काहीही नको असलेला एक मोठा माणूस. तुम्ही "पाय" एवढाच शब्द म्हणायचात आणि ती पाय सरळ करायची. मला हेवा वाटायचा, हे कबूल करते. एकदा तर मी तुमच्याकडं तक्रार घेऊन आले होते, की ती रात्रभर मोबाईल बघते, तुम्ही जरा सांगा. तुम्ही साफ नाही म्हणालात. "घरातलं घरात, वैनी. मी त्येबी सांगाय लागलो तर माझंबी ऐकायची न्हाई." तेव्हा वाईट वाटलं. तुम्ही बरोबर होतात.

खंडेनवमीच्या आदल्या रात्री तुमची सगळी हत्यारं खोबरेल लावून पुसायचं काम तुम्ही तिच्याकडं दिलंत, सलग तीन वर्षं. घरात स्वतःचं ताट उचलत नव्हती तेव्हाची गोष्ट. विट्याच्या, म्हणजे दोरी बांधलेल्या भाल्याच्या, दोरीचा एक धागा झिजलेला तिच्याच नजरेला आला होता, आठवतंय?

आता ती पुण्याला निघालीय. हॉस्टेलवर काठी चालत नाही, विचारून झालं. रविवारी आम्ही दोघी येतो. तिची पहिली काठी आणतेय, वेताची, तुम्ही तिच्या कानाच्या पाळीशी मापून दिलेली. काल सामान बांधताना तिनं ती भिंतीला लावून उभी केली आणि शेजारी उभी राहिली. जेमतेम खांद्याला लागते. म्हणाली, वस्तादांना सांग, आठवीतली कुणी आली असेल तर तिला द्या, पण तीन महिन्यांनी.

तुमची,
वैनी

ता. क. नारळ आणि पेढे आणतेय. नको म्हणू नका.