पीसी 'फुकटात फास्ट' करताना

संपादक महोदय,

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून, जुना पीसी 'फुकटात फास्ट' करायचा सल्ला तुमच्या पेपरात वाचला म्हणून लिहितोय, कारण मी तेच करून बसलोय. माझा २०११ चा इंटेलचा आय-फाइव्ह २५००के प्रोसेसर, मूळ ३.३ गिगाहर्ट्झचा, बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) वेग ठरवणारा मल्टिप्लायर ४५ केला की झाला ४.५, विंडोज पण मस्त सुरू, मी खूश. दुसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करत होती आणि ८० टक्क्यांवर निळा स्क्रीन, 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट'. ती दोन दिवस बोलली नाही ते वेगळंच.

हा एरर बहुतेकदा कोअर व्होल्टेज (प्रोसेसरला मिळणारा व्होल्टेज) कमी पडल्याचा असतो, म्हणून १.३० व्होल्टचं १.३४ केलं, निळा स्क्रीन थांबला पण प्राइम९५ ही प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी टेस्ट लावल्यावर दहा मिनिटांत तापमान ९२ अंश. नौपाड्यातली मे महिन्यातली दुपार, एसी नाही, आणखी काय होणार! कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकमध्ये धुळीची अक्षरशः गादी, आणि प्रोसेसर-हीटसिंकमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी सुकलेली. साफसफाई, नवी पेस्ट, ७८ वर आलं. तरी प्राइम९५ चा एक वर्कर (टेस्टचा एक भाग) एरर देऊन थांबायचाच. शेवटी कळलं की एक्सएमपीने (रॅमचा वेग वाढवणाऱ्या बायॉसमधल्या सेटिंगने) रॅम १६०० च्या वेगावर होती, ह्या प्रोसेसरला अधिकृत १३३३ च, म्हणजे तेही ओव्हरक्लॉकच की! ते बंद केलं आणि टेस्ट रात्रभर चालली.

आता ४.२ वरच ठेवलाय. सल्ला छापा, पण 'एका वेळी एकच सेटिंग बदला आणि आधी बॅकअप घ्या' एवढी ओळ तरी टाका ना.

- एक वाचक, नौपाडा, ठाणे