दारू सोडणाऱ्यांच्या सभांचे पत्ते छापावेत

महोदय,

नाशिकमधल्या सिडको, सातपूर, अंबडच्या कामगार वस्तीत दारूचे दुकान कुणाला विचारून शोधावे लागत नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा कुठे भरते, हे मात्र माझ्या धाकट्या भावासाठी आम्हाला दहा जणांना विचारून शोधावे लागले.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या या सभांना फी नसते, आडनाव कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. बोलणारा स्वतः त्यातून गेलेला असतो, म्हणून तो उपदेश करत नाही. भाऊ पहिल्या सभेत नुसता ऐकत बसला, तेही चालते. ‘खुल्या’ सभेला घरचेही बसू शकतात. कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’चे गट वेगळे असतात, भावजयीला त्यांचा फार आधार झाला.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर थरथर, झटके, भ्रम असा जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरांना दाखवावेच. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

आपल्या दैनिकात ‘आजचे कार्यक्रम’ सदरात कीर्तनापासून नाटकापर्यंत सगळे छापून येते. त्यातच नाशिकमधल्या या सभांची जागा आणि वेळ रोज दोन ओळींत द्यावी, ही कळकळीची विनंती. सरकारी रुग्णालयांतही मराठीत तसा फलक लागायला हवा, तोही बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतून दिसेल असा.

– एक बहीण, सिडको, नाशिक